बुधवार विसरणारी देवी

आनंदाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पनवेलच्या बाजारातून, खाडीपलीकडच्या गावांतून माणसं नारळ घेऊन लोटली होती. आत घोंगडीवर आनंदाची बायको हौसा तापाने फणफणली होती आणि कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलत होती. मिठागरावर राबणारी, अक्षरओळख नसलेली बाई!

"ही पाताळातली भाषा हाय," काशिराम भगताने मोरपिसांचा कुंचा फिरवला. "सात दर्यांखालची देवी बोलते. औषधाचा थेंब पोटात गेला तर कोपेल!"

"मोन्टाग... डीन्सटाग... डोनर्सटाग..." हौसा पुटपुटली, थबकली आणि एकदम शहरी मराठीत करवादली, "छे! पुन्हा!"

"ऐकलात? पुन्हा! कालचा कोंबडा देवीला पुरला नाय!"

दारात क्विनीनची बाटली घेऊन उभी असलेली डॉक्टर सत्यवती जागीच खिळली. आवाज हौसाचा होता. ती चरफड मात्र सत्यवतीची स्वतःची होती.

अठरा वर्षांपूर्वी विज्ञानाच्या पदवीसाठी ती जर्मन घोकत ओटीवर येरझारा घालायची. वार म्हणताना बुधवार दर वेळी निसटायचा आणि ती स्वतःवरच चिडायची, "छे! पुन्हा!" घरी कामाला असलेली नऊ वर्षांची हौसा तिथेच केर काढायची. एकदा केरसुणी टेकवून म्हणाली होती, "ताई, मला पण शिकवा ना."

"आधी कोपरे नीट काढ," पुस्तकातून मान वर न करता सत्यवतीने सांगितलं होतं.

आता गप्प राहिलं तर आनंदा औषध देऊ देणार नव्हता. ती हौसाजवळ बसली आणि जर्मनमध्ये तिचं नाव विचारलं. उत्तर आलं, "मोन्टाग... डीन्सटाग..."

"नाव विचारलं, ते कळलं नाही तिला. ती म्हणतेय सोमवार, मंगळवार, गुरुवार. ही जर्मन भाषा घोकताना बुधवार मी विसरायचे, म्हणून तुमची देवीही विसरते."

"अगं बया!" म्हातारी जनी म्हणाली. "देवी वार मोजते?"

भगत उसळला. "हौसानं शाळेचं तोंड पाहिलं नाय. हिला शिकवली कुणी?"

"कुणीच नाही. तिने मागितलं, मी झिडकारलं," सत्यवती म्हणाली. "रोज कानावर पडलेला आवाज मेंदू जपून ठेवतो, अर्थ कळो न कळो. अर्थ शिकवला तरच त्याची भाषा होते. तापाच्या भ्रमात जुनं साठलेलं वर आलं, एवढंच. हा हिवताप आहे. एखादी गोष्ट कळली नाही, तर नारळ फोडण्याआधी ती आली कुठून ते विचारा. मलाही विचारा."

आनंदाने भगताकडे पाहिलं, मग बायकोकडे. "द्या बाई ते औषध."

पाचव्या दिवशी ताप उतरला. झालेलं सगळं ऐकून हौसा लाजली. मग हळूच म्हणाली, "ताई, तो राहिलेला वार कुठला वो?"

"मिटवोख."

"मिटवोख," हौसा म्हणाली. पहिल्याच खेपेला, बिनचूक.

सत्यवतीला तिच्याकडे बघवेना.