लाइन मोकळी होईपर्यंत

आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, घड्याळात मोजतात. अब्बा बावीस वर्षं कुवेतला होते. कुवेत अडीच तास मागे. मामू मस्कतला, दीड तास. त्यामुळे माझा धाकटा भाऊ यासीन उपग्रहाच्या अँटेनाच्या कामावर अंटार्क्टिकाला निघाला आणि तिथल्या भारतीय केंद्राचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे असतं असं त्याने सांगितलं, तेव्हा अम्मीचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मस्कतपेक्षा जवळच की!" ती म्हणाली, आणि पनवेलच्या आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात तसंच सांगून आली. मी शाळेत भूगोल शिकवते. सातवीच्या पोरांना दक्षिण ध्रुव समजावता येतो, अम्मीला नाही.

अब्बांना मात्र अंतर बरोबर कळलं होतं. "मी बावीस वर्षं गेलो ती तू जाऊ नयेस म्हणून," एवढंच ते यासीनला म्हणाले. नोव्हेंबरात तो गेला तेव्हा त्याची बायको फरहा तीन महिन्यांची गरोदर होती, आणि त्या दिवसापासून अब्बा त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. फोन आला की उचलायचा आणि "घे, तुझा लाडका" म्हणत अम्मीच्या हातात द्यायचा. हे सहा महिने चाललं. हटून बसण्यात आमच्या अब्बांचा हात कोणी धरणार नाही.

यासीनही त्यांचाच मुलगा. त्याने बर्फातून हट्ट धरला की बाळाच्या कानात अजान मीच देणार, व्हिडिओ कॉलवरून. आमच्यात बाळाला आंघोळ घातली की उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत देतात. जगात आल्यावर पहिलं नाव कानी पडावं ते अल्लाहचं. शक्यतो बापाने द्यावी. अब्बा उखडलेच. "फोनमधून अजान? बाळाच्या कानाला माणसाचा श्वास लागला पाहिजे!" हे त्यांनी यासीनला नाही, भिंतीला सांगितलं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पोचायचं तिथे पोचलं. मी म्हटलं, इतकं असेल तर मी देते. त्यावर दोघंही माझ्यावर चिडले. सहा महिन्यांत बापलेकांचं एकमत झालं ते तेवढंच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं, आणि दोन दिवसांनी सकाळी फरहाला कळा सुरू झाल्या. एसटी स्टँडजवळच्या हॉस्पिटलात तिला नेलं. नऊ वाजता यासीनचा मेसेज आला: "आपा, वादळामुळे उपग्रह येऊन गेला की लाइन फक्त डेटासाठी. तुमच्या घड्याळात साडेअकरा ते सव्वाबारा आमचे फोन बंद. तेवढी वेळ टळू दे, दुआ कर."

मी दुआ केली. मुलगी अकरा पस्तीसला झाली.

पावणेतीन किलोची, डोकंभर काळे केस, आणि रडताना कपाळाला अब्बांसारख्याच आठ्या. फरहा सुखरूप होती. नर्सने बाळाला पुसून, गुंडाळून बारा वाजायच्या सुमारास अम्मीच्या हातात दिलं. अम्मीने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्या मुक्या फोनकडे.

"यासीनचे अब्बा, उरका आता. बाळाला किती ताटकळत ठेवायचं? तुम्हीच द्या अजान."

त्यांच्या मनासारखं होत होतं. मला वाटलं, आता लगेच पुढे होतील. पण ते माझ्याकडे वळले. "त्या लाइनीवर एवढं काय चाललंय?"

सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मुलाच्या कामाबद्दल विचारलं होतं. मी नीट सांगितलं. एक उपग्रह पृथ्वीला ध्रुवापासून ध्रुवापर्यंत फेऱ्या घालतो. समुद्रावर वारा कुठून, किती जोरात वाहतोय ते टिपत जातो. ध्रुवाजवळ आला की यासीनच्या अँटेनाला तो दहाएक मिनिटं दिसतो. जमवलेलं सगळं त्याला तेवढ्यात ओतून टाकायचं असतं. मग यासीन ते इकडे पाठवतो, आणि इथे वादळाचा अंदाज बांधतात.

"आणि नाही ओतता आलं तर?"

"तर ओझं घेऊन पुढची फेरी. पण तोवर वाऱ्याची बातमी शिळी होते."

अब्बा बाकावर बसले.

"दोन वर्षांनी दीड महिन्याची सुट्टी मिळायची," ते म्हणाले. "तुम्हा दोघांना काय काय सांगायचं ते साठवून आणायचो. पहिले पंधरा दिवस तुम्ही जवळच यायचा नाहीत. तू तर अम्मीला विचारायचीस, पाहुणे कधी जाणार. मग जरा रुळलात की माझी बॅग भरायची वेळ. सगळं तसंच परत घेऊन जायचो, नशरा. आणि पुढच्या वेळी तुम्ही मोठे झालेले असायचात."

मला ते 'पाहुणे' आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं. मी तिथेच रडले. शिक्षिका असले म्हणून काय झालं.

अब्बांनी खिशातून फोन काढून मोरा बंदरात लावला. हरेशकाका त्यांचे जुने दोस्त, त्यांच्या दोन मच्छीमार बोटी आहेत. "वादळाचं कसं?" अब्बांनी विचारलं. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "सगल्या बोटी कालच आत आल्या. बाहेर कोनी नाय. आमी घरी हाव."

फोन ठेवून अब्बा म्हणाले, "त्यांना यासीनने कळवलं?"

"एकट्याने नाही, अब्बा. पण त्याच्या अँटेनातूनही गेलं."

"मग थांबू," ते म्हणाले. "लाइन मोकळी होऊ दे. बाप आहे तो."

अम्मीने कपाळाला हात लावला, पण बाळाला थोपटत ती खाली बसली. नर्स दोनदा डोकावून गेली. सव्वाबारा झाले, मग बारा वीस. अब्बा दाराशी उभे होते आणि कुणाला आत येऊ देत नव्हते.

बारा चोवीसला फोन वाजला. चित्र आलंच नाही, नुसता आवाज, तोही तुकड्यातुकड्यांनी. मुलगी झाली हे सांगायलाच तीन वेळा लागलं. यासीन आधी हसला, मग रडला, मग त्याने घसा साफ केला. मी स्पीकर लावून फोन बाळाच्या उशाशी धरला.

"अल्लाहु अक्..." आवाज तुटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तो स्वतःच थांबला.

"अशी तुटकी अजान नको तिला," तो म्हणाला. "अब्बा आहेत ना तिथे? अब्बा, तुम्ही द्या."

अब्बांनी बाळाला घेतलं. "मी कधी दिलेली नाही," ते फोनकडे बघत म्हणाले. सहा महिन्यांतलं त्यांचं त्याच्याशी पहिलं वाक्य. "आपाच्या वेळी नाही, तुझ्या वेळीही नाही. तू झालास ते मला अकरा दिवसांनी कळलं. तुझ्या कानात मामूंनी दिली."

"ठाऊक आहे," यासीन म्हणाला.

अब्बांनी ओठ बाळाच्या उजव्या कानाशी नेले. आवाज आला तो हळू, पण एकसंध. बाळ रडायचं थांबलं. अम्मीने पदर डोक्यावरून पुढे ओढला. फोनमधून इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही, की मला वाटलं, लाइन पुन्हा गेली.

अजान संपली. "यासीन?" अब्बांनी विचारलं. "आहेस का?"

"आहे, अब्बा." तो म्हणाला. "मी फोन उजव्या कानाला धरला होता."

अब्बांनी डोळे पुसले नाहीत. बाळाला दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि तोंड फोनजवळ नेलं.

"मग आता डाव्या कानाला लाव," ते म्हणाले. "इकामत राहिलीय."