बंद खोलीतला वास

एअरकंडिशनर एकसुरी घुमत होता, आणि त्या गारठ्यात नुकतेच उच्चारलेले एक वाक्य कुजत पडले होते.

मुंबईच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीची रत्नागिरी शाखा वाढणार होती. आधीच्या चौघी ऑपरेटरांच्या जोडीला आणखी आठ मुली घ्यायच्या होत्या. चाचणीत मिरकरवाड्याच्या मच्छीमार वस्तीतल्या मैनेने संगणकात सर्वांत जलद आणि सर्वांत बिनचूक आकडे भरले होते. तरीही शाखाप्रमुख राजोपाध्ये यांनी तिचे गाव विचारले आणि तिला वगळले. कारण सांगितले ते जुन्या ऑपरेटर गुणवंतीला. इंग्रजीत, मैना समोर उभी असताना. खोली बंद, हवा कोंडलेली. ही खारव्यांची पोर आत आली आणि मासळीचा वास सुटला, बाकीच्यांनी तो का सोसावा?

मैनेला इंग्रजी कळत होते. तिने मान खाली घातली नाही, एवढेच.

गुणवंती पालीची, शेतकऱ्याघरची. तिच्या आत काहीतरी संथपणे पेटत गेले. अपमानही आता यंत्राने थंड करून मिळू लागला होता.

"साहेब, वास भिंतीचा आहे," ती म्हणाली. "ही बर्फाची वखार होती. मासळी इथेच रचून ठेवत. गारवा टिकतो म्हणून कंपनीने ही जागा घेतली. वीज गेली की भिंतींना पाणी सुटतं आणि वास येतो. सकाळी गेलीच होती."

"मग मला आजवर कसा आला नाही?"

"आजवर कुणाला गाव विचारलं नव्हतंत."

राजोपाध्ये उठले. त्यांनी भिंतीला बोट लावले, नाकाशी नेले, आणि रुमालाने पुसले. चूक त्यांना कळली होती. ती कबूल करण्याइतकी जागा मात्र त्या प्रशस्त खोलीत नव्हती.

"असं करू," ते सौम्यपणे म्हणाले, "तूर्त हिला बाहेर व्हरांड्यात कागद लावायला बसवू. सवय झाली की आत घेऊ."

"कुणाला सवय?" गुणवंतीने विचारले.

ते ऐकलेच नसल्यासारखे राजोपाध्ये प्रथमच मैनेकडे वळले. "काय गं, चालेल ना तुला?"

मैनेने दार उघडले. बाहेरची खारी, उष्ण हवा क्षणभर आत शिरली. उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला तिने पायांत सरकवल्या आणि ती बंदराच्या रस्त्याने चालू लागली.