दार लावून सांगा

देरामान मलेशियातल्या दुयोंग बेटावरच्या मशिदीचा बिलाल होता, सतरा वर्षं तिथं बांग देत होता. बाकीचा दिवस तो नदीकाठच्या शेडमध्ये होड्या बांधायचा. माणूस अबोल, पण गळा असा की पहाटे वारा तिकडचा असला की नदीपलीकडच्या कोळणी म्हणायच्या, बिलाल आज आमच्याच अंगणात उभा आहे वाटतं.

तो गळा त्याच्या मुलीत उतरला. सुरियाती दीड वर्षाची असताना तिची आई गेली. मुलीला वाढवलं ते देरामानच्या आईनं, सलामानं. बेटावर सगळे तिला तोक म्हणायचे, आजी. तोकनं नातीला भाताबरोबर नारळाच्या दुधातली मासळी शिजवायला शिकवलं, कुराण वाचायला शिकवलं, आणि गाणं म्हणताना मान वाकडी करायची नाही हेही शिकवलं. म्हणून विसाव्या वर्षी सुरियातीची टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत निवड झाली, तेव्हा देरामान आधी नाही म्हणाला आणि तोक हो म्हणाली. घरात तोकचं चालायचं.

त्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘सुरांचं घर’. क्वालालंपूरमधल्या एका बंगल्यात बारा पोरंपोरी तीन महिने राहायची, शिकायची, दर शनिवारी मंचावर गायची, आणि दिवसभर त्यांच्यावर कॅमेरे रोखलेले. कोण कसं भांडतं, कोण कसं रडतं, सगळं रोज संध्याकाळी देशभर दिसायचं. फोन कुणाकडेच ठेवत नसत. सुरियाती डोक्यावरचा रुमाल बांधूनच झोपायची, कारण मुलींच्या खोलीतही कॅमेरा होता. बेटाला तिचा केवढा अभिमान. मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष हाजी जुसोह कॉफीच्या दुकानात बसून स्वतः तिच्या नावानं मतांचे एसएमएस पाठवायचे आणि बाकीच्यांना दटावून पाठवायला लावायचे. तोक टीव्हीसमोर इतकी जवळ बसायची की मागच्यांना काही दिसायचं नाही. “याती, कपाळावर घे की जरा तो रुमाल,” असं ती पडद्याला सांगायची.

सातव्या आठवड्यात, एका बुधवारी पहाटे, तोक गेली. नमाजासाठी उठली, हातपाय धुतले, आणि न्हाणीच्या उंबऱ्याशीच बसली ती बसलीच.

साडेसातला देरामाननं बंगल्याच्या ऑफिसला फोन लावला. नेली नावाच्या बाईंनी घेतला. आवाज गोड होता.

“माझी आई गेली,” देरामान म्हणाला. “यातीला तिनंच वाढवलं. तिला आज पाठवाल का? संध्याकाळच्या आधी माती द्यायची आहे.”

“फार वाईट झालं, पाक चिक,” काकांना हाक मारावी तसं त्या म्हणाल्या. “विमानाचं बघते मी.”

“आणि एक ऐका. तिला एकटीला घ्या. एखादी बाई सोबत ठेवा. खोलीचं दार लावून सांगा. कॅमेऱ्यासमोर नको.”

“त्याची काळजी नका करू. ती आमच्या मुलीसारखी आहे.”

त्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. हाजी जुसोह दोनदा येऊन हळूच म्हणाले, मयत ताटकळत ठेवू नये. देरामाननं आणखी तीन फोन केले. तिन्ही वेळा कुणी ना कुणी म्हणालं, बाई मीटिंगमध्ये आहेत. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, तोकला नेलं. आईला खाली ठेवताना देरामान एकदा वळून रस्त्याकडे बघत राहिला, तेव्हा शेजारच्यानं त्याचा दंड धरून त्याला वळवलं.

संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. तोकसाठी फातिहा वाचून झाली, बायका चहा फिरवत होत्या. कुणीतरी सवयीनं टीव्ही लावला.

पडद्यावर सुरियाती दिसली. मावळतीच्या, मगरिबच्या नमाजासाठी नुकतीच हातपाय धुऊन आली असावी. केस ओले, मोकळे, रुमाल हातात. तिला घाईनं दिवाणखान्यात बोलावलेलं दिसत होतं. समोर नेलीबाई बसल्या होत्या आणि मागे बाकीची सगळी पोरं उभी केलेली. नेलीबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं. मागून पियानो वाजायला लागला. कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या इतका जवळ गेला की ओठ थरथरताना दिसले.

तिनं आधी डावीकडे तोंड वळवलं. तिकडे कॅमेरा. उजवीकडे वळवलं, तिकडेही. मग ती खाली बसायला लागली, तेवढ्यात साबाहहून आलेला फिर्दौस नावाचा मुलगा पुढे झाला. त्यानं तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि दुसरा हात कॅमेऱ्याच्या काचेवर ठेवला. क्षणभर पडद्यावर नुसता त्याचा तळवा दिसला.

देरामानच्या मनात एकच हिशोब चालला होता. मगरिबनंतर सांगितलं. म्हणजे आपण माती लोटत होतो तेव्हा पोरीला काही ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरांत फोटो आला. तळव्याचा नाही, मिठीचा. मोकळे केस, परक्या पुरुषाची छाती. आठवडाभर देशात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं कार्यक्रम बंद करा. कुणी म्हणालं, मुलीला शिक्षा करा म्हणजे बाकीच्या शहाण्या होतील. रेडिओवर बायका फोन करून सांगायच्या की आमच्या मुली हे बघून बिघडतात. एका वाहिनीवर चर्चा झाली. एका बाजूला पांढऱ्या दाढीचे एक विद्वान, दुसऱ्या बाजूला एक वकीलबाई. ते म्हणाले, शालीनता हा समाजाचा पाया आहे. त्या म्हणाल्या, कुणाला मिठी मारायची हा तिचा हक्क आहे. तासभर भांडले. देरामान दोघांच्याही तोंडाकडे बघत बसला होता, की आता तरी कुणी विचारेल, पोरीला ही बातमी चारचौघांत सांगितली कुणी? पण तोकचं नाव काही निघालं नाही. पोरगी रडत का होती हेच जणू सगळे विसरले होते.

फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हाजी जुसोह आले. चटईवर बसले, बराच वेळ टोपी सारखी करत राहिले.

“देरामान, तुझ्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. पण लोक बोलतायत. बिलालच्या घरातली मुलगी, म्हणतात. धर्मखात्याच्या ऑफिसातूनही विचारणा झाली.”

“तिची आजी मेली होती, हाजी.”

“ते मला कळतं रे. मी तिला कडेवर घेतलंय. पण तू एक वाक्य बोलून टाक. बापानंच चूक मान्य केली की लोकांची तोंडं बंद होतात. पोरीच्याच भल्याचं सांगतोय.”

तासाभरानं एका पेपरवालीचा फोन आला. हाजी जुसोहनीच नंबर दिला होता. तिनं चार प्रश्न विचारले. देरामानला लांबलचक बोलायची सवय नव्हती. आईला जाऊन दोन दिवस झाले होते आणि समोर हाजी मान हलवत बसले होते. तो म्हणाला, “मुलीचं चुकलं. तिच्या वतीनं मी माफी मागतो.” नेलीबाईंशी झालेलं बोलणं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण पेपरवालीनं आभार मानले आणि फोन ठेवला.

शनिवारच्या पेपरात मोठ्या अक्षरांत आलं: बिलाल पित्यानेही मुलीला दोषी ठरवले.

त्या संध्याकाळी मंचावर निकाल सांगताना सूत्रसंचालकानं खिशातून तो पेपर काढला. “सुरियाती, तुझ्या वडिलांनी आज हे म्हटलंय. त्यांना काही सांगायचंय?” आणि मथळा वाचून दाखवला. तिनं ती बातमी पहिल्यांदाच ऐकली हे तिच्या तोंडावरून कुणालाही कळलं असतं. ती माईक हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “आयाह म्हणतात ते बरोबरच असेल.” सगळ्यांत कमी मतं तिला होती, ती स्पर्धेबाहेर गेली. हाजी जुसोहनी त्या आठवड्यात एकही एसएमएस पाठवला नव्हता, आणि बेटावर इतर कुणीही नाही.

रविवारी दुपारी ती बसनं आली. एकटीच. देरामान पुलाच्या टोकाशी उभा होता. त्याच्या हाताचं चुंबन घेऊन तिनं विचारलं, “तोक कुठं आहे?”

कबरीपाशी ती खूप वेळ बसली. पाणी शिंपडलं. परतताना वाटेत बोलली.

“कधी नेलं?”

“असरनंतर.”

“तेव्हा मी तालीम करत होते. हसत होते, आयाह. फिर्दौसनं कुणाची तरी नक्कल केली होती.” थोडं चालून ती म्हणाली, “तुम्ही त्यांना कधी कळवलंत?”

“सकाळी साडेसातला. एकटीला सांगा म्हटलं. दार लावून सांगा म्हटलं. कॅमेरा नको म्हटलं.”

ती थांबली. “असं म्हणालात तुम्ही त्यांना?”

“हो.”

“मग हे पेपरवालीला का नाही सांगितलंत?”

सतरा वर्षं रोज पाच वेळा ज्याचा आवाज बेटभर गेला, त्याला तिथं भर दुपारी शब्द फुटेना. तिनं काही वेळ वाट पाहिली आणि मग पुढे चालायला लागली.

ती नऊ दिवस राहिली. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, विचारलं तेवढ्याला नीट उत्तर द्यायची. भांडली असती तर बरं, असं देरामानला वाटायचं. दहाव्या दिवशी जोहोरमधल्या एका कारखान्यात काम मिळालंय असं सांगून ती गेली.

पुढच्या शुक्रवारी मशिदीत याच विषयावर व्याख्यान होतं: टीव्ही आणि तरुण मुलींची लाज. बाहेरून वक्ते आलेले. ते बोलून झाल्यावर देरामान उठला. फोन, साडेसातची वेळ, नेलीबाई, पियानो, सगळं त्यानं अडखळत सांगितलं. “मुलीचे केस सगळ्यांनी पाहिले,” तो म्हणाला, “पण ज्यानं तिचं रडणं उघडं करून विकलं, त्याला कुणी लाज विचारली नाही. मीही नाही. बाप असून मी तिचीच काढली. तो परका पोरगा तिचं तोंड झाकत होता, आणि मी...” एवढं म्हणून तो खाली बसला.

काही माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. वक्ते म्हणाले, अल्ला तुम्हाला धीर देवो, पण हा वेगळा मुद्दा आहे. हाजी जुसोह बाहेर येऊन म्हणाले, “आता झालं गेलं रे. विषय थंडावलाय, परत कशाला?” देरामाननं मशिदीतल्या मास्तरांकडून पेपराला पत्रही लिहून घेतलं. ते छापून आलं नाही. पेपर तोवर दुसऱ्याच कुठल्या विषयामागे लागले होते.

ईदला सुरियाती आली नाही. सुटी नाही म्हणाली. तेव्हा देरामाननं दोन दिवसांची बांग दुसऱ्यावर सोपवली, डब्यात नासी दागांग, म्हणजे नारळाच्या दुधातला मासळी-भात, भरून घेतला आणि रात्रभराच्या बसनं जोहोर गाठलं. जेवणाच्या सुटीत ती फाटकाबाहेर आली. निळा डगला, निळा रुमाल, आणखी वाळलेली. भिंतीलगतच्या बाकावर दोघं बसली. तिनं दोन घास खाल्ले.

“याती,” तो म्हणाला, “मी मशिदीत सगळ्यांसमोर सांगितलं. साडेसातच्या फोनचं. पेपरालाही लिहिलं.”

“मास्तरांच्या बायकोनं कळवलं मला.”

“माझं चुकलं, पोरी. मी घाबरलो.”

ती डब्याचं झाकण लावत होती. ते नीट बसेना, म्हणून तिनं पुन्हा काढून पुन्हा लावलं. “मला राग नाही, आयाह,” ती म्हणाली. “खरंच नाही. त्या दिवशी माईक हातात धरला ना, तेव्हाच माझ्या आतलं काहीतरी गेलं. राग यायला पण काहीतरी लागतं. इथं बरं आहे. इथं मला कुणी ओळखत नाही.”

“गातेस का कधी?”

तिनं मान हलवली. नाही.

आत घंटा झाली. तिनं त्याचा हात कपाळाला लावला, डबा परत त्याच्या मांडीवर ठेवला आणि उठली. चार पावलं जाऊन वळली. देरामान अर्धवट उठून उभा राहिला.

“पुढच्या वेळी येताना आधी फोन करा हं, आयाह,” ती म्हणाली. अगदी अदबीनं, पाहुण्याला सांगतात तसं.