विसाव्याला ठेवलेली पुस्तकं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी या संशोधन संस्थेत व्याख्यानाला माणसं जमवायची म्हणजे चहाबिस्किटांचं आमिष दाखवावं लागे. आज मात्र पदार्थविज्ञानवाले, तत्त्वज्ञानवाले, धर्माचे अभ्यासक, राजकीय इतिहासाची मंडळी असे सगळे, एकमेकांच्या खोलीत वर्षानुवर्षं न डोकावणारे लोक, खांद्याला खांदा लावून बसले होते. व्यासपीठावर स्पर्शगुरू उभे होते. अंगात कडक इस्त्रीचा मोतिया सदरा, उजव्या हातात पांढरा मोजा.

"डोळा हा दलाल आहे," ते म्हणत होते. "ग्रंथ आणि तुमच्यामध्ये उभा राहतो आणि कमिशन खातो. अक्षराला कंपन असतं, ते तळहाताला थेट ऐकू येतं. विज्ञान आज ना उद्या इथे पोचेलच. मला घाई नाही."

विज्ञान पहिल्याच रांगेत बसलं होतं आणि माना डोलवत होतं.

गुरूंची रीत ठरलेली होती. ज्याला प्रचिती हवी त्याने आपलं पुस्तक आदल्या संध्याकाळी त्यांच्या मुक्कामाच्या खोलीत द्यायचं. "हाताळून हाताळून शिणलेलं असतं बिचारं, रात्रभर विसावू द्या." दुसऱ्या दिवशी शिष्य ते कापडात गुंडाळून मालकाच्या हाती देई. बोलावणं आलं की मालकाने स्वतः ते उघडायचं, समोर येईल तो मजकूर मनात वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. मग गुरू मोजा काढत, मिटल्या पुस्तकावर तळहात ठेवत आणि तोच मजकूर घडाघडा म्हणून दाखवत.

त्या दिवशी सभेत बसलेल्या एका संशोधिकेच्या मामाचा नंबर लागला.

ती याच संस्थेत राजकीय इतिहासाचं काम करत होती. मामा तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. लग्न केलं नाही, भाचीला वाढवलं आणि अर्धं आयुष्य घालवून एक जाडजूड ग्रंथ लिहिला. विज्ञान, तत्त्वज्ञान, धर्म आणि सत्ता यांनी एकमेकांना कसं घडवलं आणि कसं फसवलं, याचा. ग्रंथ छापून झाला आणि कपाटांत जाऊन बसला. परीक्षण आलं नाही. कुणी भांडायलासुद्धा आलं नाही.

मामाने आपली प्रत टेबलावर कण्यावर उभी धरली, दोन्ही पुठ्ठे हळूच सोडले आणि पुस्तक आपणहून उघडू दिलं. या संस्थेत पुस्तक असंच उघडतात. जुनी बांधणी दुखावू नये म्हणून ग्रंथालयात पहिल्याच दिवशी हे शिकवलं जातं. बोटांनी फरफर पानं उलटणारा माणूस इथे अडाणी समजला जातो. मामाने भिंग लावून मजकूर वाचला, कारण डोळ्यांत काचबिंदू होता, आणि पुस्तक मिटलं.

गुरूंनी मोजा काढला. डोळे मिटले. आणि मामाची वाक्यं, लांबलचक, अर्धविरामांनी लडबडलेली, भरल्या सभेत ऐकू येऊ लागली. मामा रडायला लागला. भर सभेत आपला मामा रडतोय हे पाहून तिलाही गलबलून आलं. खोटं कशाला बोला, क्षणभर तिलाही ते खरं वाटलं.

गुरूंनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा तळहात जागा होऊ बघतोय. पण तुम्ही अजून डोळ्याचेच लाड करताय. औषध घालताय ना त्यात?"

झालं. त्या दिवसापासून मामाने डोळ्यांत थेंब घालणं बंद केलं.

"मामा, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? डोळ्यातला दाब वाढला की नस मरते. गेलेली नजर परत येत नाही."

"माहीत आहे मला." मामा सकाळचं वर्तमानपत्र मांडीवर पसरून त्यावरून तळहात फिरवत होता. "आज पहिल्या पानावर काहीतरी गरम लागतंय."

"शाई नाही, चहा आहे तो. तू कप कलंडवलास."

त्याला कप दिसला नव्हता. तो डाव्या बाजूला होता. ती फडकं घेऊन आली. दुपारी त्याने शस्त्रक्रियेची तारीखही रद्द करायला सांगितली. पुढच्या बैठकीत गुरू त्याला दीक्षा देणार होते, आणि दीक्षेची अट एकच होती. डोळ्यावर यापुढे उपचार नाहीत.

तिने मामाची प्रत हातात घेतली ती काही शोधायला नव्हे. एवढं रडवणारं त्या पानात काय आहे, ते पुन्हा वाचावंसं वाटलं. सवयीने पुस्तक कण्यावर उभं केलं, पुठ्ठे सोडले. बरोबर तेच पान उघडलं. मिटून पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. ही प्रत ती वर्षानुवर्षं हाताळत होती. प्रत उघडायची ती नेहमी अर्पणपत्रिकेवर, कारण आल्यागेल्याला मामा तेवढंच पान दाखवायचा. आता कण्यात आतल्या बाजूला ताजी भेग होती. डिंक तडकून पांढरा पडला होता.

ती तशीच उठून पदार्थविज्ञानाच्या प्रमुखांकडे गेली. संस्थेत त्यांना सगळे 'काटेकोर' म्हणत. त्यांच्याही पुस्तकाची प्रचिती झाली होती.

"सर, तुमचं ते पुस्तक जरा टेबलावर सोडता?"

सोडलं. गुरूंनी म्हटलेलंच पान उघडलं.

"योगायोग," काटेकोर म्हणाले.

"पुन्हा सोडा."

त्यांनी सोडलं नाही. "हे बघ, शंका मलाही घेता येते. पण पुस्तक मी स्वतः उघडलं होतं. माझ्या हातांनी."

"तुम्ही नाही उघडलंत सर. ते उघडलं. आपल्याकडे पुस्तक कुणी उघडतच नाही, आपण सोडून देतो. रात्री कणा एका पानावर दाबून ठेवला, की त्यांना एवढंच पुरतं."

"आणि मजकूर?"

"एक पान पाठ करायला एक रात्र पुष्कळ झाली."

काटेकोरांनी पुस्तक पुढ्यातून बाजूला सारलं. मग म्हणाले, "सिद्ध करून दाखव, मग बोलू." बोलण्यात तोरा होता, पण आवाज पडला होता.

मामाला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जे म्हणाला ते तिच्या काळजाला घरं पाडून गेलं. "माझं पुस्तक जन्मात एका माणसापर्यंत पोचलं. तेही तुला खोटं ठरवायचंय?"

दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मामाने पुस्तक पुन्हा गुरूंच्या खोलीत विसाव्याला दिलं. दुसऱ्या दिवशी शिष्याने ते कापडात गुंडाळून त्याच्या हाती दिलं. "आण, मी धरते," असं म्हणून तिने ते घेतलं आणि सरळ वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत गेली. कापड सोडलं, पुस्तक टेबलावर सोडलं. आज ते वेगळ्याच पानावर उघडलं. दरबारी ज्योतिषांवरचं प्रकरण. रात्री नवी भेग पाडली होती. तिने पान लक्षात ठेवलं. मग तिला हवं ते पान काढलं, पुस्तक पालथं घातलं आणि दोन्ही हातांनी अंगातलं सगळं बळ लावून दाबलं. कण्यातून कट् असा आवाज आला. मामाने आयुष्य घालून लिहिलेल्या पुस्तकाची पाठ आपण मोडतोय, हे तिला कळत होतं. तरी पुस्तक तिच्याच पानावर उघडू लागेपर्यंत ती दाबत राहिली.

खाली सभागृह गच्च भरलं होतं. मामाच्या नजरेचा आता भरवसा नव्हता, म्हणून साक्षीला काटेकोरांना बोलावलं. त्यांनी पुस्तक रीतीप्रमाणे सोडलं, मजकूर वाचला, मिटलं. गुरूंनी मोजा काढला.

"राजाला भविष्य हवं नसतं, त्याला परवानगी हवी असते," गुरू गंभीर आवाजात म्हणू लागले, "आणि दरबारी ज्योतिषी ती ग्रहांच्या नावाने देतो..."

सभा मंत्रमुग्ध. काटेकोरांचा चेहरा मात्र उतरत गेला. "हे इथे नाही," ते म्हणाले. "मी वाचलं त्यात राजाच नाही."

गुरू थबकले. पण कसलेला गडी. "सभेत कुणीतरी संशयी बसलंय. कंपनं गढूळ झाली आहेत."

"कंपनं ठणठणीत आहेत," ती जागेवरून उठून म्हणाली. "तुमचं एक अक्षर चुकलेलं नाही. पाठांतर पहिल्या दर्जाचं आहे. फक्त ते पान वेगळं आहे, तुम्ही रात्री दाबून ठेवलेलं. सकाळी मी दुसरं दाबलं." तिने पुस्तक घेतलं, ज्योतिषांचं पान काढून काटेकोरांपुढे धरलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. शब्द न् शब्द तोच. "आता ज्यांची ज्यांची पुस्तकं रात्रभर विसावली होती, त्यांनी ती टेबलावर सोडून बघा. आणि मग बोटांनी भलतंच पान काढा आणि गुरूंना म्हणावं, हे वाचा."

पहिल्या रांगेत पुस्तकं धपाधप टेबलावर पडू लागली. जी ती आपल्या भेगेवर उघडली. काटेकोरांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत फरफर पानं उलटली, मधेच एका पानावर बोट ठेवलं आणि पुस्तक मिटून पुढे केलं. गुरूंनी तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्यांना एकाएकी ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं. शिष्य मोजा विसरून त्यांच्या मागे पळाला.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. फसलेली माणसं टाळ्या वाजवत नाहीत. संचालक तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "खाजगीत सांगायचं होतंत. संस्थेची अब्रू गेली." धर्माच्या अभ्यासकांपैकी एक बाई उठून जाता जाता म्हणाल्या, "एवढं छान चाललं होतं." ती मामाकडे बघत होती. तो खुर्चीत ताठ बसला होता, तळहात मांडीवर उताणा ठेवून.

"तू कुठलं पान दाबलंस?" त्याने विचारलं.

तिने वाचायला सुरुवात केली. "जे उत्तर मला हवंहवंसं आहे, ते समोर आलं की मी ते दुप्पट तपासावं. परक्याची फसवणूक माझी शंका पकडते. माझी इच्छा मात्र दार आतून उघडते, आणि मग ज्ञान, पदवी, वय यांतलं काहीही राखणीला उरत नाही."

"हे मी लिहिलंय," मामा म्हणाला. विचारत होता की सांगत होता, ते त्यालाच ठाऊक. मग म्हणाला, "घरी चल. थेंब घाल."

डॉक्टरांनी तपासलं आणि काही लपवलं नाही. उजवा डोळा शस्त्रक्रियेने टिकेल. डाव्यातलं जे या दिवसांत गेलं ते गेलं. घरी आल्यावर मामा आरामखुर्चीत मान मागे टाकून बसला. ती बाटली घेऊन वाकली.

"तू माझं पुस्तक सगळं वाचलंस?" त्याने वर बघत विचारलं.

"दोनदा. दुसऱ्यांदा चुका काढायला."

"सापडल्या?"

"पुष्कळ."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल, मी वाचलंय ते. घरातलंच तर माणूस मी."

मामाने डोळा मिटला, थेंब गालावरून ओघळला. तिने तो पुसला आणि पुन्हा घातला. "सांगायचं होतंस गं," तो म्हणाला.

तेव्हा मंडळी, कुणी मिटल्या पुस्तकावर हात ठेवून आतलं सांगू लागला, तर आधी विचारावं, रात्री हे पुस्तक कुणाच्या खोलीत होतं? मग भलतंच पान काढून त्याच्यापुढे ठेवावं. डोळ्यांचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. आणि आपल्या घरात कुणी आयुष्य घालून काही लिहिलं असेल तर ते वाचावं, पटलं नाही तर भांडावं, पण वाचलंय हे त्याला सांगावं. आपण सांगितलं नाही, की ते सांगायला असा कुणीतरी पांढरा मोजा घालून येतो.