लेखकाने बोलायचं नाही

कार्यशाळेत सरांचा एक नियम कुणी मोडायची हिंमत करत नसे. कथा वाचून झाली की बाकीच्यांनी तिची मनसोक्त चिरफाड करायची आणि तोवर लेखकाने तोंडातून ब्रसुद्धा काढायचा नाही; सर ‘आता लेखकाने बोलावं’ म्हणाले, की मगच त्याने घसा खाकरायचा. डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांची नावं पुकारणाऱ्या तिला हा नियम फार न्यायाचा वाटायचा, कारण शेवटी आपलीही पाळी येईल आणि सगळे गप्प बसून ऐकतील, याची त्यात हमी होती. आजवर प्रत्येक स्पर्धेने तिची कथा साभार परत पाठवली होती. या वर्गातून एकच कथा मोठ्या स्पर्धेला जायची होती आणि ती आपली असावी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

त्या रविवारी तिची कथा वाचली गेली. नवऱ्याला आणि मुलीला वाढणारी, कुणी विचारत नाही म्हणून न बोलणारी एक बाई, एवढीच ती कथा.

‘ही बाई आहेच कशाला यात?’ बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी विचारलं.

‘नुसती उभी असते. काढून बघा, काही बिघडत नाही,’ जाहिराती लिहिणारी मुलगी म्हणाली, आणि सरांनी मान डोलावली.

तिचं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. ती बाई गेली तर त्या घरात काय काय थांबेल, हे ती एका दमात सांगणार होती. पण तेवढ्यात चहा आला, सरांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या कथेला हात घातला. ‘आता लेखकाने बोलावं’ हे वाक्य म्हणायचं ते विसरलेच. वर्ग सुटल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, तर ते तिच्या खांद्यावरून पलीकडच्या कुणाशी तरी बोलत राहिले. मोठ्या माणसांचं हे असंच, म्हणून ती मनातल्या मनात चरफडली. बसमध्ये कंडक्टर तिच्याकडे तिकीट न मागताच पुढे गेला, याचंही तिला तेव्हा काही वाटलं नाही.

घरी नवरा आणि मुलगी जेवायला बसले होते. टेबलावर तिसरं ताट होतं.

‘मला ती पटतच नाही,’ नवरा मुलीला सांगत होता. ‘दमलेली असते, एवढंच कळतं. पुढे काय?’

मुलगी विचारात पडली. ‘सुरुवातीला बरी होती, बाबा. मी लहान होते त्या भागात. नंतर तेच तेच.’

नवऱ्याने तिची एक ओळही कधी वाचली नव्हती. तिला संताप आला, आणि संतापाहून जास्त भीती वाटली. दोघांच्या मधोमध उभं राहून तिने तोंड उघडलं. उत्तर जिथल्या तिथे होतं, शब्दन्‌शब्द पाठ. पण ते बाहेर पडायला आधी कुणीतरी सरांचं ते वाक्य म्हणायला हवं होतं, आणि या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलीने तिसरं ताट उचललं, पुसून फडताळात ठेवलं. मग तिसरी खुर्ची भिंतीशी सरकवली. दोघंही क्षणभर कानोसा घेत थांबले. फ्रिज घुरघुरत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी चालत होतं.

‘बघ,’ नवरा पाण्याचा पेला उचलत म्हणाला, ‘कुठे काही बिघडलं?’