झाकणाच्या आतली सही

जावईबापूंना सर्किट बोर्डातलं ओ की ठो कळत नव्हतं. सासरे थकले, खुर्ची रिकामी झाली आणि हे महाशय तीत जाऊन बसले, एवढीच काय ती त्यांची कर्तबगारी. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत. पाठ वळली की जावईबापू.

कारखाना म्हणजे एका मजल्यावरची अकरा टेबलं. खिशात मावणारे म्युझिक प्लेअर तिथं हातानं जुळवले जात, गाण्याचं वेड डोक्यात गेलेल्यांनीच घ्यावेत असे महागडे. म्हाताऱ्या मालकांनी एक रीत घालून दिली होती. ज्यानं प्लेअर जुळवला, त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक पेनानं आपलं पूर्ण नाव लिहायचं आणि मगच स्क्रू पिळायचे. बाहेरून ते नाव कुणाला दिसायचं नाही. "दिसत नाही ना, म्हणूनच लिहायचं," म्हातारा म्हणायचा. ताई तिथं एकोणीस वर्षं सोल्डरिंग करत होती, आणि ते आतलं नाव म्हणजे तिची इभ्रत होती. घरच्या दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी होती. तिचं नाव होतं ते या झाकणांत.

एके दिवशी सकाळी तिच्या टेबलावर कपॅसिटरचा नवा खोका आला. कपॅसिटर म्हणजे वाटाण्याएवढं नळकांडं. वीज साठवतं, बेतानं सोडतं. ते भिकार निघालं की बाकीचं सगळं मुसळ केरात. ताईनं एक उचलून पाहिला. सोनेरी वेष्टण, वर कधी न ऐकलेलं नाव.

"साहेब, हे काय आणलंत?"

"कपॅसिटर. खास आवृत्तीसाठी. चाळीस प्लेअर काढायचेत."

"ते दिसतंय. नेहमीचे कुठं गेले?"

"अहो ताई, हे सोनेरी आहेत. जाहिरातीच्या फोटोत किती उठून दिसतात!"

"फोटो कोण ऐकतं?" ताई म्हणाली. "असल्या मालावर मी माझं नाव घालायची नाही."

अकराही टेबलांवरची कामं थांबली. जावईबापू गोड हसले. हा माणूस गोड हसला की समजावं, कुणाची तरी मान सुरीखाली आहे.

"असं करू. एका प्लेअरमध्ये जुने कपॅसिटर, एकात नवे. डोळे बांधून ओळखायचे. ओळखलेत तर खोका परत जाईल. नाही ओळखता आले, तर चाळीसही तुम्ही जुळवायचे, नावासकट. आहे कबूल?"

"आणा!" ताई म्हणाली. एकोणीस वर्षांचा कान होता तिचा. या सोंगाड्याला काय भ्यायचं?

पैजेच्या दिवशी जावईबापूंनी तीन कानसेनही बोलावले. इंटरनेटवर पानंच्या पानं लिहिणारी मंडळी ती. एकाला म्हणे तारेतला फरकही ऐकू येतो. बायकोची हाक तेवढी येत नाही. टेबलावर कापडाखाली दोन प्लेअर ठेवले होते, बाहेर नुसत्या हेडफोनच्या वायरी. तिघांनी आळीपाळीनं ऐकलं, माना डोलावल्या आणि एकमुखानं दुसऱ्या प्लेअरला कौल दिला. काय ती खोली! काय ती मखमल!

"थांबा," ताई म्हणाली. तिनं मीटर लावून पाहिला. दुसऱ्याचा आवाज पहिल्यापेक्षा केसभर मोठा ठेवला होता. मोठं ते गोड लागतं, ही युक्ती बाजारातला पोरगाही जाणतो. तिनं दोन्ही आवाज सारखे करून दिले. आता तिघांची तीन मतं झाली, आणि तिसऱ्याची एकट्याचीच दोन. ताई मनसोक्त हसली. "कान कशाला बाळगता हो? चष्मा अडकवायला?"

मग तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला गेला. दहा वेळा ऐकायचं होतं. तिनं श्वास रोखून ऐकलं, ठणकावून उत्तरं दिली. रुमाल सुटला तेव्हा पाच बरोबर होती आणि पाच चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आणि तेव्हा कुठं ताईसाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. नवा कोरा कपॅसिटर पहिल्या दिवशी गुणानंच वागतो, नव्या जावयासारखा. त्याचं खरं रूप दिसतं ते बंद पेटीत बॅटरीशेजारी महिनोन्महिने तापल्यावर. हे तिला ठाऊक नव्हतं? कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला तिनं हेच तर शिकवलं होतं! भांडायचं होतं ते उष्णतेवरून. पण कुणीतरी "डोळे बांधून ओळखायचे" म्हणालं आणि ही फुगली. ज्या कानसेनांना हसली, त्यांच्याच पंगतीत जाऊन बसली. शहाणी कुठली!

"साहेब, तापवून बघा," ती घाईनं म्हणाली. "महिनाभर तापत ठेवा, मग बघा."

"पैज कानाची होती, ताई." जावईबापूंनी आवाज खाली आणला. "आणि तापवून मी कधीच पाहिलेत. वर्षभर टिकतात, थोडे वरच. हमी वर्षाचीच आहे ना आपली?"

म्हणजे ओ की ठो न कळणाऱ्याला नेमकं तेवढं कळत होतं.

ताईला तेव्हाच उठून जाता आलं असतं. पण दहा जणांदेखत शब्द दिला होता, आणि हरल्यावर शब्द फिरवणारी म्हणून घेण्यापेक्षा तिला हे बरं वाटलं. मानी माणसाचा मूर्खपणाही मानीच असतो. तिनं चाळीसही जुळवले. सामान भिकार तर भिकार, निदान हात तरी स्वच्छ दिसावा म्हणून जन्मात केलं नाही इतकं सुबक सोल्डरिंग केलं. चाळीस झाकणांत चाळीस वेळा पूर्ण नाव लिहिलं.

चौदाव्या महिन्यात ऑफिसातल्या फोनवर तिला बोलावलं. पलीकडे दूरच्या कुठल्याशा गावचा दुरुस्तीवाला होता. त्यानं तिचं पूर्ण नाव घेतलं. नवऱ्याखेरीज आणि बँकेखेरीज ते कुणी कधी घेत नसे.

"तुम्हीच का त्या? झाकणात वाचलं म्हणून विचारतो. कपॅसिटर फुगून गळलेत, बोर्ड खाल्लाय पार. असलं सामान तुम्ही बसवलंत?"

समोरच्या टेबलाशी जावईबापू कागद चाळत बसले होते. त्यांनी वरही पाहिलं नाही. त्यांचं नाव कुठल्याच झाकणात नव्हतं.

"हो," ताई म्हणाली. "मीच बसवलं."

पलीकडे बोर्ड टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"सोल्डरिंग काय सुरेख आहे हो बाई. तीस वर्षांत असा हात पाहिला नाही. अडाण्यानं केलं असतं तर सोडून दिलं असतं मी. पण तुम्हाला तर सगळं कळत होतं."