पाणी खारट झाले, पुन्हा सुरू करा

मित्रांनो, माझा सूड पूर्ण झाला आहे. बोळिंजचा कौस्तुभ सगळ्यांसमोर माझ्या काठावर बसला होता, पाणी ओढत होता, आणि मी त्याला

पाणी खारट झाले. पुन्हा सुरू करा.

क्षमा करा. घाई झाली. माझ्यात घाई केली की असेच होते. पहिल्यापासून सांगतो.

मला गंज चढत नाही, माझा रंग उडत नाही, तरीही मी जुना झालो आहे. मी संगणकावर खेळायचा एक खेळ आहे. माझे नाव ‘बावखल’. वसईत वाडीला पाणी देण्यासाठी खणलेल्या तळ्याएवढ्या विहिरीला बावखल म्हणतात. माझ्यातही एक बावखल आहे, त्यावर रहाट आहे आणि पलीकडे केळीची वाडी. बटण दाबले की रहाट फिरतो, पाणी वाडीत जाते, केळी वाढतात.

मला जुलियानाने घडवले. ती माणिकपूरला वडिलांसोबत राहते आणि आठवडाभर नोकरी करते, म्हणून मी फक्त तिच्या रविवारांचा बनलेलो आहे. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटोपून आली की ती दार लावून बसायची. रहाटाचा आवाज तिने चर्चमागच्या लोखंडी फाटकावरून घेतला होता. तिच्या पपांनी, फ्रेडरिक यांनी, तो ऐकला आणि मान हलवली.

“हे फाटक आहे, बाय. रहाट ओरडत नाही. रहाट कण्हतो.”

“मग कण्हून दाखवा.”

त्यांनी कण्हून दाखवले. आजही माझा रहाट म्हणजे फ्रेडरिक यांचा घसा आहे.

बावखलाचा नियमही त्यांचाच. पाणी भराभर उपसले की खालून समुद्र आत शिरतो आणि पाणी खारट होते. म्हणून थोडे उपसायचे आणि थांबायचे. थांबले की झरे पुन्हा गोडे पाणी भरतात, आणि काठोकाठ भरलेले बावखल वाडीलाही आपोआप ओल देते. जुलियानाने तो नियम माझ्यात घातला, पण कुठेही लिहिला नाही. ही चूक वसईत वाढलेले माणूसच करू शकते. तिला वाटले, एवढे तर सगळ्यांनाच माहीत असते.

सुरुवातीला मला खेळणारे तसेच होते. तिची मावसबहीण जोआना, चर्चच्या गायकवृंदातला आल्बर्ट, त्याचे एकदोन मित्र. त्यांनी सावकाश पाणी काढले, केळी आणली, “छान आहे हं” म्हणाले आणि विसरले. मग माझ्याकडे कोणी फिरकेना. दुर्लक्ष कसे असते ते मला ठाऊक आहे. पण ते दुर्लक्ष बरे होते, असे म्हणायची वेळ आली.

कौस्तुभ नवेनवे खेळ खेळून त्यांचे व्हिडिओ टाकतो. त्याचे बोलणे म्हणजे कधीच न जाणारे नळाचे पाणी. मी त्याच्या हाती लागलो. त्याने बटणावर बोट ठेवले ते काढलेच नाही.

“भावांनो, बघा, काढतोय, काढतोय, काढतोय... आणि खारट. परत खारट. हा गेम नाही, शिक्षा आहे. बनवणारा झोपला होता काय?”

तो व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे गर्दी लोटली. जन्मात पहिल्यांदा गर्दी झाली, तीही थुंकायला. लोक येत, बटण दाबून धरत, पाणी खारट करत, ‘मोडका’ असे लिहून जात.

जुलियाना ते सगळे वाचत बसली. पपांनी विचारले, “काय म्हणतात?”

“मोडका आहे म्हणतात.”

“मग लिही ना तिथं, दमानं उपसा म्हणून.”

“आता लिहिलं तर सारवासारव वाटेल, पपा. रविवारी काढूनच टाकते.”

काढून टाकणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर मी कुणालाच सापडलो नसतो. तिचे सगळे रविवार पुसले गेले असते, आणि कौस्तुभ तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी काठावर जाऊन बसला असता. मला दात नाहीत, नखे नाहीत. माझ्याकडे फक्त एक नियम आहे. मी शपथ घेतली की त्याच नियमाने मी त्याचे बोट, त्याची जीभ, त्याचे

पाणी खारट झाले. पुन्हा सुरू करा.

पुन्हा रागाच्या भरात ओढले. थांबतो.





आता सांगतो.

उन्नती फुलपाड्याची. तीही व्हिडिओ बघून मला हसायलाच आली होती. तिनेही पाणी खारट केले, वैतागून मला पुन्हा सुरू केले आणि बटणाकडे बोट नेले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिच्या आईची हाक आली, “उन्नती, पाणी आलं.”

फुलपाड्यात या हाकेला कोणी ओ देत नाही. सरळ उठते. उन्नती मला तसाच चालू सोडून धावली. पिंप भरले, हंडे भरले, बादल्या भरल्या. ओल्या हातांनी परत आली तेव्हा माझे बावखल काठोकाठ भरले होते आणि वाडीत केळफूल लटकत होते.

“आई, मी काहीच केलं नाही आणि सगळं झालं.”

“तू काहीच करत नाहीस, हेच तर मी रोज सांगते.”

उन्नतीने स्वयंपाकघरातच फोन धरून छोटासा व्हिडिओ केला. मागे बादली भरत असल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, “हा गेम मोडका नाहीये. आपण उपसतोय म्हणून खारट होतंय. जरा उठा. घरातलं पाणी भरून या, मग बघा.”

नळाची वाट बघणारी माणसे काही फक्त फुलपाड्यात राहत नाहीत. तो व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिला. नवे लोक आले, आणि हे लोक उठले. कोणी कुकर लावून आले, कोणी बाळाला झोपवून आले. परत येऊन लिहू लागले, ‘माझी केळी आली.’ ज्यांनी ‘मोडका’ लिहिले होते, त्यांच्यापैकीही काही गुपचूप परतले.

रविवारी जुलियानाने मला काढून टाकले नाही. तिने माझ्या बावखलात एक बेडूक सोडला. मित्रांनो, सूड माझ्या रक्तात कुठून आला, ते मला त्या दिवशी कळले. जो कोणी हावरटासारखे उपसेल, त्याला बेडूक कौस्तुभचे वाक्य ऐकवणार होता. शब्द त्याचे, घसा पुन्हा पपांचा.

“भावांनो, हा गेम नाही, शिक्षा आहे,” पपा खर्जात म्हणाले आणि थांबले. “पण भावांनो कशाला? माझे दोघंही भाऊ वर गेले.”

“पपा, नुसतं बेडकासारखं म्हणा.”

मग लोक कौस्तुभच्या मागे लागले. बेडकाला भेट म्हणाले. शेवटी तो लाइव्ह आला. हसत बसला, बटण दाबले, पाणी खारट झाले आणि बेडूक बोलला. बघणाऱ्यांनी लिहिले, ‘बेडूक तुझा मामा काय रे?’ त्याने पुन्हा ओढले. पुन्हा बेडूक. ‘फुलपाड्याला जा, पाणी भरून ये.’ पुन्हा ओढले. मी प्रत्येक थेंब खारट केला आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

त्याला थांबायचे होते, पण थांबणे त्याला परवडत नव्हते. तो गप्प बसला की बघणारे उठून जातात. म्हणून तो बोलायचा, आणि बोलता बोलता बोट आपोआप बटणावर जायचे. अखेर त्याने मला पुन्हा सुरू केले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि तोंड मिटले.

बघणारे एकेक करून गेले.

पाणी चढू लागले. तेव्हाही त्याला खारट पाणीच पाजावे, असे मला फार फार वाटले. पण नियम माझाच. तो मला मोडता येत नाही. बावखल गोड्या पाण्याने भरले, केळफूल आले.

“अरे, झालं की,” तो हळूच म्हणाला.

ते ऐकायला एकटी जुलियाना उरली होती, आणि तिने ते कुणालाही सांगितले नाही.

मित्रांनो, खेळ कितीही लहान असला तरी त्यात कुणाचे तरी रविवार असतात. नावे ठेवायची तर ठेवा, पण आधी थोडे थांबून बघा. नाही थांबलात तरी माझी तक्रार नाही. माझे बावखल मोठे आहे, त्यात अजून पुष्कळ बेडूक मावतील, आणि फ्रेडरिक यांचा घसा चांगला ठणठणीत आहे.